प्रिंटरचं निर्लेखन

सरकारी कार्यालयात कुठलीही वस्तू एकदम मरत नाही. खुर्चीचा एक पाय मोडला की ती आधी भिंतीला टेकवून वापरतात, मग भिंतीकडे तोंड करून ठेवतात, मग तिच्यावर फायली रचतात. या सगळ्या काळात जडवस्तू संग्रह नोंदवहीत ती चार पायांची, सुस्थितीतली खुर्चीच असते. पुढे कधीतरी निर्लेखन समिती बसते. तीन सदस्य, तीन चहा, एक पाहणी अहवाल. मूळ किंमत, वापराची वर्षं, दुरुस्तीचा अंदाजित खर्च हे रकाने भरायचे आणि शेवटी सगळ्यांना मोकळं करणारा शेरा मारायचा : 'दुरुस्ती किफायतशीर नाही.' नोकरीच्या उत्तरार्धात मी अशा समित्यांवर पुष्कळदा बसलो. पंखे, टंकलेखन यंत्रं, सायक्लोस्टाइलचं यंत्र, शिपायाची सायकल, एकदा तर चक्क एक पितळी घंटा. घंटेत काय बिघडलं होतं ते मला आजही माहीत नाही. पण सही माझी आहे.

या अनुभवाच्या जोरावर घरातल्या बिघडलेल्या प्रिंटरचा निकाल चहा निवायच्या आत लागायला हरकत नव्हती. अडलं ते एका रकान्यावर. 'वापरामुळे झालेली झीज' असा एक रकाना त्या अहवालात हमखास असायचा. शाईचा प्रिंटर ही जगातली बहुधा एकमेव वस्तू असावी, की जी वापराने कमी आणि न वापरण्याने जास्त बिघडते. तिच्यासाठी 'आरामामुळे झालेली झीज' असा रकाना लागेल, आणि तो आमच्या कुठल्याच नमुन्यात नव्हता.

आधी लक्षणं सांगतो. आमच्या सोसायटीचा मी सचिव. सेवानिवृत्त माणसाला साताऱ्यात हे पद मागावं लागत नाही, ते घरी येतं. टाकी धुवायची असल्यामुळे पाणी येणार नाही, अशी नोटीस मी छापायला दिली. कागद बाहेर आला तो पट्ट्यापट्ट्यांचा. प्रिंटरचं डोकं कागदावर डावी-उजवीकडे फिरत शाई टाकतं, त्यामुळे त्यातली छिद्रं बंद पडली की पांढरी रेघ आडवी येते. इंग्रजीला तिचा तसा त्रास कमी. देवनागरीत ती कधी अक्षराच्या पोटातून जाते आणि कधी नेमकी शिरोरेघेवर बसते. शिरोरेघ गेली की अक्षरं एकमेकांचा हात सोडून लोंबकळायला लागतात. घाई होती म्हणून नोटीस तशीच लावली. तळमजल्यावरचे गुजराती शेठ जिन्यात थांबून ती मन लावून वाचत होते. मला म्हणाले, "सेक्रेटरीसाहेब, आमच्या भाषेत लिहिली, सारू झाला. फक्त समजत नाही."

या यंत्राचा जन्मच अपघातातला आहे, म्हणून त्याच्या बाबतीत मी थोडा मवाळ असतो. १९७७ साली जपानमधल्या कॅनन कंपनीत इचिरो एंडो नावाचे संशोधक काम करत असताना तापलेलं सोल्डरिंग आयर्न शाई भरलेल्या सिरिंजच्या सुईला लागलं आणि सुईच्या टोकातून शाई उडाली. दुसऱ्या कुणी फडक्याने टेबल पुसलं असतं. एंडोंनी विचार केला, की उष्णतेने शाईत बुडबुडा होतो आणि तो बुडबुडा शाईला बाहेर ढकलतो. मग हेच कागदासमोर, ठरवून, सेकंदाला हजारो वेळा का करू नये? अमेरिकेत ह्युलेट-पॅकार्डमध्ये जॉन वॉट हेसुद्धा १९७९च्या सुमारास स्वतंत्रपणे याच कल्पनेपाशी पोचले होते, आणि त्या कंपनीचा 'थिंकजेट' १९८४ साली बाजारात आला. दुसऱ्या एका पद्धतीत उष्णता वापरत नाहीत. विजेचा दाब दिला की किंचित वाकणारा स्फटिक असतो, तो शाईला मागून ढकलतो. दोन्हींत थेंब निघतो तो काही पिकोलिटरचा. एका लिटरचे एक लाख कोटी भाग केले, तर त्यातला एक भाग म्हणजे पिकोलिटर. असा थेंब ज्या छिद्रातून जातो ते छिद्र केसाहूनही बारीक, आणि अशी शेकडो छिद्रं नखाएवढ्या जागेत.

आता या छिद्राशी शाई येऊन थांबली आहे आणि घरातले लोक महिनाभर काही छापतच नाहीत, अशी कल्पना करा. शाईत बरंचसं पाणीच असतं. एप्रिल-मेच्या उन्हात ते उडतं आणि मागे राहिलेला रंग छिद्रात बूच होऊन बसतो. पावसाळ्यात वेगळीच तऱ्हा. साताऱ्याचा पाऊस एकदा बसला की कागद सर्दावतो, वाकतो, रबरी रोलरवरून घसरतो किंवा दोन-दोन एकदम आत जातात. थोडक्यात, या यंत्राला उन्हाळा सोसत नाही, पावसाळा सोसत नाही आणि विश्रांती तर मुळीच सोसत नाही. कंपन्या त्यात छिद्रांवर झाकण बसेल अशी सोय करतात. म्हणूनच प्रिंटर त्याच्या बटणाने बंद करावा, भिंतीवरच्या स्विचने नव्हे. बटण दाबलं की डोकं आपल्या जागी जाऊन झाकण लावून घेतं. आमच्या घरात झोपण्यापूर्वी सगळे स्विच बंद करत फिरण्याची जुनी शिस्त आहे. विजेचं बिल त्या शिस्तीने नक्कीच वाचलं.

घरच्या उपचारांना सुरुवात झाली. पहिला उपचार यंत्रातच असतो : 'हेड क्लीनिंग'. हे बटण दाबलं की प्रिंटर घरघरतो, खाकरतो, आतल्या आत काहीतरी ओढतो आणि तुमच्या शाईने स्वतःची चूळ भरतो. मग तपासणीचा कागद छापायचा. त्यावर बारीक बारीक रेघांच्या जाळ्या येतात, ज्या रेघा तुटक त्या छिद्रांचा आजार. पुन्हा चूळ, पुन्हा कागद. 'डीप क्लीनिंग' नावाची मोठी चूळ आहे, तिला तर टाकीची पातळी डोळ्यांदेखत खाली जाते. पिवळा रंग आमच्याकडे पहिल्यापासून ठणठणीत. का, तर पिवळं आम्ही कधीच काही छापत नाही, त्यामुळे तो बिघडला आहे की नाही हे कळायला मार्गच नव्हता. काळा मात्र हटेना.

ही चुळीची शाई जाते कुठे, हा प्रश्न मला नोकरीतल्या सवयीने पडला. उत्तर फार रंजक आहे. प्रिंटरच्या बुडाशी शाई टिपणारा जाड पॅड बसवलेला असतो. दुरुस्तीवाले त्याला 'वेस्ट पॅड' म्हणतात. सगळी वाया गेलेली शाई तिथे मुरते. पॅड भरला की प्रिंटर दिवे लुकलुकवून थांबतो आणि 'सुट्या भागाचं आयुष्य संपलं' असं जाहीर करतो. गंमत अशी, की बहुतेक प्रिंटरांत पॅड भरला की नाही हे कुणी पाहत नाही. चूळ किती वेळा भरली, किती थेंब टाकले याचा एक आकडा आत चालू असतो. आकडा ठरलेल्या मर्यादेला पोचला की संपलं, पॅड अर्धा कोरडा असला तरी. मला या तत्त्वाचा राग येऊ शकत नाही. वयाची ५८ वर्षं पूर्ण झाली त्या महिन्याच्या अखेरीला मलाही नारळ मिळाला. कुणी उघडून पाहिलं नव्हतं. फरक इतकाच, की प्रिंटरचा आकडा लॅपटॉप जोडून पुन्हा शून्यावर आणता येतो. बाजारात हे काम तीन-चारशे रुपयांत करून देतात. पॅड मात्र खरोखर बदलायला किंवा धुऊन वाळवायला हवा, हे करून देणारे थोडे. नुसता आकडा पुसला तर शाई एक दिवस टेबलावर उतरते आणि टेबलक्लॉथचं निर्लेखन करावं लागतं.

आमचा पॅडचा आकडा भरलेला नव्हता. तेव्हा पोवई नाक्याजवळच्या एका दुकानात प्रिंटर न्यायचं ठरलं. शाईच्या टाक्यांचा प्रिंटर नेणं ही साधी गोष्ट नव्हे. तो कलला की शाई सांडते, त्यामुळे तो आडवा धरता येत नाही, तिरका धरता येत नाही, स्कूटरवर पायांत ठेवता येत नाही. रिक्षात मांडीवर घेऊन, प्रत्येक गतिरोधकाला दोन्ही हातांनी समतोल साधत मी गेलो. रिक्षावाल्याने आरशातून पाहत विचारलं, "मूर्ती हाय का, काका?"

दुकानातल्या पोराने झाकण उघडून एक नजर टाकली. "हेड गेलंय काका."

"कुठे?"

"म्हंजे बाद झालंय. नवं मुंबईतनं, लॅमिंग्टन रोडवरनं मागवाय लागंल. ३,८०० हेडचे, ५०० बसवायचे. त्यापेक्षा नवाच घ्या. हा मला द्या, हजार कमी करतो."

निर्लेखन समितीचा एक अलिखित नियम होता : ज्याला जुनी खुर्ची घरी न्यायची आहे त्याला समितीवर घ्यायचं नाही. नवीन प्रिंटर विकणाऱ्याने जुन्या प्रिंटरची नाडी पाहावी, हे मला त्या नियमात बसवता येईना. पण पोरगा लबाड नव्हता. त्याची बाजू अशी : हेड बदललं आणि तीन महिन्यांनी कागद ओढायचा रोलर गेला, की गिऱ्हाईक त्यालाच धरतं. नव्या प्रिंटरला निदान वर्षाची वॉरंटी कंपनीची. भांडण कंपनीशी.

मी प्रिंटर मांडीवर घेऊन परत आलो आणि घरी समिती बसली. सदस्य मी, सौ. आणि फोनवर पुण्याचा भाचा. भाचा कॉम्प्युटरवाला, त्यामुळे त्याचं मत नेहमी आधीच तयार असतं. "मामा, लेझर घ्या. टोनर म्हणजे कोरडी पूड असते, वाळायचा प्रश्नच नाही. सहा महिने हात लावला नाही तरी पहिलं पान स्वच्छ." हे अगदी खरं आहे. ज्याला फक्त काळं छापायचं आहे आणि तेही अधूनमधून, त्याने शाईच्या वाटेला जाऊच नये. पण समितीपुढचा विषय 'जुन्याचं काय' हा होता आणि भाचा 'नवीन कोणता' यावर बोलत होता. कार्यालयातही असंच व्हायचं.

मी कागदावर हिशेब मांडला. प्रिंटर घेतला २०२०च्या पावसाळ्यात, टाळेबंदीच्या दिवसांत, जेव्हा शाळा, कचेरी, बँक सगळं घरात शिरलं होतं. किंमत साधारण बारा हजार. दुरुस्ती ४,३००. म्हणजे मूळ किमतीच्या जेमतेम एक तृतीयांशावर. वर टाक्यांमध्ये अजून अर्ध्याहून अधिक शाई. कागदावर दुरुस्ती सरळ जिंकत होती.

इथे एक विषयांतर, कारण शाईचा भाव कळल्याशिवाय हा हिशेब कुणालाच कळणार नाही. लहान कार्ट्रिजचा प्रिंटर दुकानात तीन-चार हजारांत मिळतो. त्याच्या एका कार्ट्रिजमध्ये शाई असते आठ-दहा मिलिलिटर, किंमत आठशेच्या आसपास. आठ मिलिलिटरला आठशे धरले तर लिटरला एक लाख रुपये होतात. प्रिंटर स्वस्त विकायचा आणि शाईवर वसूल करायचं, हा सगळा व्यवहार. त्यावर तोडगा म्हणून लोकांनी प्रिंटरला बाहेरून बाटल्या आणि नळ्या जोडायला सुरुवात केली. इंडोनेशियात हा जुगाड इतका चालला, की एप्सन कंपनीने २०१० साली तिथेच स्वतःचा टाकीवाला प्रिंटर आणला. यंत्र महाग, शाई स्वस्त. आज टाकीवाले प्रिंटर इतर कंपन्याही करतात. बाटलीतली शाई सत्तर मिलिलिटरला चारशे धरली, तर लिटर ५,७०० रुपयांना पडतं. तेही साजूक तुपापेक्षा कितीतरी महाग. तूप उगाच आठवलं नाही. मुंबईत गणपत कृष्णाजींनी १८३१ साली मराठी पंचांग छापलं, तेव्हा छपाईच्या शाईत चरबी असते म्हणून सनातनी मंडळी छापील कागदाला शिवायला तयार नसत. त्यांच्यासाठी तुपाची शाई केली गेली, असं सांगतात. गणपत कृष्णाजींनी छापायचं लाकडी यंत्र स्वतः करून पाहिलं, शाई स्वतः तयार केली. ते आज असते तर प्रिंटरने त्यांना 'अनधिकृत शाई' असा संदेश दाखवून काम थांबवलं असतं. कार्ट्रिजवर एक चिप असते, ती शाई कुणाच्या घराण्यातली आहे ते यंत्राला सांगते. काही प्रिंटर तर निळी शाई संपली म्हणून काळं अक्षर छापत नाहीत. याला तांत्रिक कारणं देतात, आणि काही अंशी ती खरीही आहेत. पण रात्री दहा वाजता अर्जाची मुदत संपत असताना ती पटत नाहीत.

विषयांतर संपलं. माझा हिशेब ऐकून सौ. काही बोलल्या नाहीत. उठून त्यांनी टीव्हीखालच्या खणातला पाठकोऱ्या कागदांचा गठ्ठा आणला. आमच्या घरात एका बाजूने छापलेला कागद टाकत नाहीत. मागच्या बाजूवर दुधाचा हिशेब, किराणा, भिशी. त्यांनी गठ्ठा उलटा करून माझ्यापुढे ठेवला. "अहो, गेल्या वर्षी यंत्राने काय काय छापलं ते बघा आधी."

गठ्ठा म्हणजे त्या प्रिंटरचं सेवापुस्तकच निघालं. आमच्या शेताच्या तुकड्याचा सातबारा. पेन्शनसाठी नोव्हेंबरात लागणारे हयातीच्या दाखल्याचे कागद. पुतणीचा लग्नाचा बायोडाटा, तीन आवृत्त्या. उंची प्रत्येकीत वेगळी. सत्यनारायणाच्या सामानाची यादी. नातवाच्या प्रोजेक्टसाठी लोकमान्य टिळक, ज्यांची पगडी जांभळी आली होती. सोसायटीच्या नोटिसा. आणि उरलेलं सगळं, म्हणजे निम्म्याहून जास्त, काय होतं? छिद्रं तपासायचे कागद. रेघांच्या जाळ्या. प्रिंटर बहुतेक वेळ स्वतःची प्रकृती कशी आहे हेच छापत होता.

"हे सगळं कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे किती रुपयांत झालं असतं?" त्यांनी विचारलं. पानाला दोन रुपये, रंगीत दहा. बेरीज हातावर करता येण्यासारखी होती, म्हणून मी ती केली नाही.

हा मुद्दा कार्यालयात कधी कुणी काढल्याचं मला आठवत नाही. आम्ही वस्तूचं वय विचारत होतो, किंमत विचारत होतो, बिघाड विचारत होतो. तिच्यापाशी काम आहे का, हे विचारत नव्हतो. विचारलं असतं तर कदाचित खुर्च्यांपेक्षा इतर काही गोष्टींचं निर्लेखन आधी करावं लागलं असतं. शाईच्या प्रिंटरच्या बाबतीत मात्र पहिला प्रश्न हाच असायला हवा. ४,३०० खर्चून नवं हेड बसवायचं, पुन्हा दोन महिने काही छापायचं नाही, आणि पुढच्या मे महिन्यात नव्या हेडचंही बूच. यावर उपाय म्हणून लोक आठवड्याला एक रंगीत पान नुसतंच छापतात. मीही काही काळ केलं. एका जास्वंदीच्या फुलाचं चित्र होतं, दर सोमवारी ते निघायचं. यंत्राला काम नाही म्हणून त्याला काम काढून द्यायचं, ही पद्धत मला फार ओळखीची होती. पण ती घरात आणायची नव्हती.

दरम्यान दुसऱ्या एका दुरुस्तीवाल्याचा पत्ता लागला. त्याचं दुकान म्हणजे जिन्याखालची जागा, आणि तो नवीन प्रिंटर विकत नाही, ही त्याची मोठी पात्रता. त्याने "हेड गेलं" असं म्हटलं नाही. "बघतो," म्हणाला. हेड काढून सफाईच्या द्रावणात भिजत ठेवलं, सिरिंजला बारीक नळी लावून हलक्या हाताने द्रावण त्यातून सोडलं. ही कामं घरी करणारेही आहेत. करायची तर जोर लावायचा नाही आणि नळाचं पाणी वापरायचं नाही, डिस्टिल्ड वॉटर घ्यायचं, कारण नळाच्या पाण्यातले क्षारच छिद्रांत बसतात. रात्रभर ठेवून दुसऱ्या दिवशी त्याने तपासणीचा कागद दाखवला. काळ्याच्या जाळीत दोन रेघा अजून तुटक होत्या, बाकी सगळं जुळलं होतं. ६०० रुपये घेतले. तुटक रेघांबद्दल म्हणाला, "चालवत राहिलात तर उघडतील. ठेवून दिलात तर आणखी जातील."

म्हणजे पुन्हा तोच मुद्दा. मग सौ.नीच निकाल दिला. पहिल्या मजल्यावर एक बाई पहिली ते चौथीच्या शिकवण्या घेतात. पाढे, शब्द जोडा, चित्रात रंग भरा, असे कागद त्यांना रोज लागतात आणि त्यासाठी त्या रोज झेरॉक्सच्या दुकानात उभ्या असतात. प्रिंटर त्यांच्याकडे ठेवायचा. शाई त्यांनी भरायची, आमचा सातबारा आणि सोसायटीच्या नोटिसा त्यांनी फुकट काढून द्यायच्या. बाई म्हणाल्या, "काका, मी भाडं देते." मी म्हटलं, "रोज छापा, तेच भाडं." दोन रेघांपैकी एक आठवडाभरात उघडली. पिवळा रंगही उत्तम असल्याचं आता सिद्ध झालं आहे. मुलांना सूर्यफूल रंगवायला दिलं होतं, त्याचा नमुना रंगीत छापला.

असाच निर्णय तुमच्यापुढे असेल, तर समितीचा सदस्य म्हणून थोडं सांगतो. तुमचा प्रिंटर लहान कार्ट्रिजचा असेल तर बहुतेकदा डोकं त्या कार्ट्रिजलाच असतं. कार्ट्रिज बदललं की डोकंही बदललं, यंत्राला दोष देऊ नका. डोकं यंत्राला कायमचं असेल तर आधी भिजवून बघा, बदलायचं नंतर. पॅड भरला म्हणून थांबला असेल तर तो मेलेला नाही, हे कुणी काहीही सांगितलं तरी लक्षात ठेवा. मदरबोर्ड जळला असेल, किंवा सुटे भागच मिळत नसतील, तर मात्र हट्ट नको. सुट्या भागांबाबत सरकारदरबारी हालचाल आहे. ग्राहक व्यवहार विभागाने २४ डिसेंबर २०२२ रोजी, राष्ट्रीय ग्राहक दिनी, दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केलं. कंपन्यांनी दुरुस्तीची माहिती आणि सुटे भाग यांचा तपशील तिथे द्यावा ही अपेक्षा. फ्रान्सने २०२१पासून वस्तूंवर दुरुस्तीयोग्यतेचे दहापैकी गुण छापायला लावले. पहिल्या यादीत मोबाइल, लॅपटॉप, टीव्ही, वॉशिंग मशीन आणि हिरवळ कापायचं यंत्र होतं. प्रिंटर नव्हता. गुण छापायला तोच लागतो म्हणून त्याला वगळला असावा.

आणि खरंच टाकायचा ठरला, तर भंगारवाल्याच्या गाडीवर टाकू नका. १ एप्रिल २०२३पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांत प्रिंटर कार्ट्रिजसकट येतो आणि तो परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे. कंपनीच्या ग्राहक क्रमांकावर फोन करून विचारा. एकदा नाही म्हणाले तर पुन्हा विचारा.

महिन्याला दहा पानंही छापत नसाल, तर दुरुस्तीही नको आणि नवीनही नको, झेरॉक्सवाला बरा. फक्त जाताना फाइल पीडीएफ करून न्या. वर्डची फाइल तशीच नेलीत आणि त्याच्याकडे तुमचा मराठी फॉन्ट नसला, तर सगळ्या अर्जाचे चौकोन होतात, आणि तो पानाचे दोन रुपये तरीही घेतो.